तीन वर्षांत पाच सेंटिमीटर : एका मुलाच्या क्रोन्स आजाराचं प्रकरण

केसपेपरवर वय 13 लिहिलं होतं. आईमागून आत आलेला मुलगा मात्र दहा वर्षांचा वाटत होता. मी पुन्हा कागद पाहिला, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाहून ते रात्रीच्या गाडीनं पुण्याला आले होते. वडील टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करते. सोबत जाड प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षांचे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म्स आणि क्षयरोगाच्या औषधोपचाराचं कार्ड.

"त्रास कधीपासून?" या प्रश्नाला आईनं जे उत्तर दिलं ते या प्रकरणाचं सार म्हणून मी अजून सांगते. ती म्हणाली, "पोट पाचवीपासून दुखतंय मॅडम. पण मला खरी शंका आली ती गणवेशावरून. दरवर्षी मी याच्या पँटला खाली तीन बोटं दुमड ठेवते, पुढच्या वर्षी सोडायला. पाचवीतल्या पँटची दुमड सातवी संपली तरी सोडायला लागली नाही. आधी वाटलं, बरं झालं, कापड वाचलं."

(ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय भाग जसा घडला तसा मांडते.)

तोवर काय काय झालं होतं

पाचवीत असताना बेंबीभोवती पोट दुखायचं. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, सहा महिन्यांनी पुन्हा दिलं. रक्त कमी म्हणून लोहाची बाटली सुरू झाली. ती प्यायली की पोट जास्त दुखायचं, म्हणून बंद झाली. आजीनं कुटजारिष्ट दिलं, बेलाचा मुरंबा दिला, ताकावर ठेवलं. अधूनमधून बरं वाटायचं. हा आजार तसाच असतो, भरती-ओहोटीचा. त्यामुळे ओहोटीच्या वेळी जे औषध हाताशी असेल त्याला श्रेय मिळतं.

सातवीत संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला आणि दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सरकलं. सोनोग्राफीत लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड दिसलं, बाजूला गाठी दिसल्या. क्षयाच्या संसर्गासाठी हातावर करतात त्या मांटू चाचणीत 10 मिलिमीटरची टणक सूज आली. आतड्याचा क्षय, असं निदान करून सरकारच्या निक्षय पोर्टलवर क्षयरुग्ण म्हणून नोंद झाली आणि सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले.

त्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. आपल्याकडे ताप, वजन घटणं आणि आतड्याचं टोक जाड होणं एकत्र दिसलं की पहिला विचार क्षयाचाच यायला हवा. चूक होती ती दुर्बिणीनं आत न पाहता आणि तपासायला आतड्याचा तुकडा न घेता उपचार सुरू करण्यात. दुसरी, त्याहून मोठी चूक पुढची. पहिल्या दोन महिन्यांत भूक वाढली, वजन किलोभर वाढलं, आणि सगळ्यांनी निःश्वास सोडला. क्रोन्स हा आतडं सुजवणारा, व्रण पाडणारा जुनाट आजार; त्यातही क्षयाच्या औषधांनी सुरुवातीला बरं वाटू शकतं. म्हणून रुग्ण काय सांगतो यावर थांबायचं नसतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीनं व्रण भरले का ते पाहायचं. क्षयाचे व्रण तोवर भरू लागलेले दिसतात. या मुलाच्या बाबतीत पहिल्यांदाच कुणी आत पाहिलं नव्हतं, त्यामुळे तुलना करायला काहीच नव्हतं. सहा महिने पूर्ण झाले, कार्डावर 'उपचार पूर्ण' असं लिहून आलं, आणि त्यानंतर महिन्याभरात तो होता त्याहून वाईट झाला.

पहिली तपासणी

शौचाला दिवसातून तीन-चार वेळा. रात्री? आई म्हणाली, नाही. मुलगा खाली बघत म्हणाला, "हो, दोनदा उठतो." घरातल्या कुणाला माहीत नव्हतं, तो दिवा न लावता जायचा.

या एका उत्तरानं माझ्या डोक्यातली अर्धी यादी गळून पडली. शाळेतल्या मुलांचं पोट वारंवार दुखतं त्यामागे बहुतेक वेळा आतड्यात कुठलीही जखम नसते. ते दुखणं खरं असतं, पण ते मुलाला झोपेतून उठवून शौचाला पळवत नाही, ताप आणत नाही, वजन खात नाही. आयबीएस आणि आयबीडी ही दोन नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो. पहिल्यात आतडं हळवं झालेलं असतं, दुसऱ्यात ते सुजलेलं आणि व्रणांनी भरलेलं असतं. आयबीडीत दोन मुख्य आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता, फक्त आतल्या थरात, गुदाशयापासून सलग वर चढत जाणारा. त्यात रक्त पडतं, त्यामुळे पालक लवकर धावतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधे मधे निरोगी भाग सोडून, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाणारा. लहान आतड्यातला क्रोन्स वर्षानुवर्षं रक्ताचा थेंबही दाखवत नाही.

तोंडात आतल्या बाजूला दोन फोड होते. नखं फुगीर झालेली. डोळ्यांच्या आत पांढरं फटक. उजव्या खालच्या कोपऱ्यात हात ठेवला की तो श्वास रोखायचा. वयात येण्याची कुठलीही खूण नव्हती.

गुदद्वाराची तपासणी करायला तो अजिबात तयार नव्हता. मी आईला बाहेर बसायला सांगितलं, आमच्या पुरुष निवासी डॉक्टरांना बोलावलं आणि मुलाला नीट समजावलं की काय बघायचं आहे आणि का. बऱ्याच वेळानं तो हो म्हणाला. तिथे त्वचेचे दोन जाड कोंब होते आणि एक न दुखणारी चीर. तो वर्षभर ते मूळव्याध समजत होता आणि कुणालाही बोलला नव्हता. आठ डॉक्टरांच्या कागदांत या तपासणीचा एका ओळीचाही उल्लेख मला सापडला नाही. पोटाच्या जुनाट तक्रारीच्या मुलात ही जागा न पाहता तपासणी पूर्ण झाली असं मी मानत नाही. तिथले कोंब आणि चिरा क्रोन्सकडे बोट दाखवतात, क्षयात ते क्वचित दिसतं.

मग मी उंची मोजली. 134 सेंमी. वजन 26 किलो. आईला विचारलं, आधीची उंची कुठे लिहिलेली आहे का? तिनं पिशवीतून प्रगतिपुस्तकं काढली. डॉक्टर शाळेबद्दल विचारतील म्हणून आणली होती. आपल्याकडे प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी उंची आणि वजनाचा रकाना असतो. पाचवीत 129 सेंमी, 27 किलो. सहावीत 131. सातवीत 132. प्रत्येक पानावर पालकांची सही. तीन वर्षांत पाच सेंटिमीटर आणि वजनात एक किलोची घट. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतं आणि वयात येताना त्याहून बरंच जास्त.

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या 2015 च्या तक्त्यावर मी ते चार ठिपके जोडले. पहिला ठिपका मधल्या रेघांमध्ये होता, चौथा सर्वांत खालच्या रेघेच्याही खाली. वडील 170 सेंमी, आई 156. त्या हिशेबानं मुलगा साधारण 169-170 पर्यंत जायला हवा. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय साडेदहा निघालं. ही त्यातली चांगली बातमी होती. वाढीची पट्टी अजून मिटलेली नव्हती, हातात थोडा वेळ होता.

वाढ का थांबते? भूक कमी, शोषण कमी, हे खरंच. पण तेवढंच नाही. सुजलेल्या आतड्यातून टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-6 सारखे सूज वाढवणारे पदार्थ रक्तात उतरतात. ते यकृतात तयार होणारा आयजीएफ-1 हा वाढीचा संदेश दाबतात आणि हाडाच्या वाढणाऱ्या पट्टीलाही थोपवतात. म्हणून नुसतं भरपूर खाऊ घालून असं मूल वाढत नाही. सूज शमवावी लागते. क्रोन्स झालेल्या काही मुलांत उंची खुंटणं हे पोटाच्या तक्रारीच्याही आधी दिसतं.

क्षय की क्रोन्स

हिमोग्लोबिन 8.6. प्लेटलेट 6.2 लाख. सूज दाखवणारे ईएसआर 62 आणि सीआरपी 48, दोन्ही वाढलेले; रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन 2.9, कमी. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 38 आलं होतं आणि आधीच्या एका कागदावर 'लोह पुरेसं' असा शेरा होता. सूज असताना फेरिटिन उगाचच वर दिसतं. ट्रान्सफेरिनची संपृक्तता 6 टक्केच होती, म्हणजे लोहाचा खडखडाट. सिलिॲकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, चाचणी नकारात्मक. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन 1450. साधारण 50 च्या खाली असावं. ही चाचणी आतड्यात सूज आहे एवढं सांगते, कशामुळे आहे ते सांगत नाही. क्षयातही ती वाढते.

भूल देऊन दोन्ही बाजूंनी दुर्बीण घातली. मुलांमध्ये वरून आणि खालून दोन्हीकडून पाहायचं असतं, 'पोर्तो निकष' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय शिफारशी हेच सांगतात. जठरात बारीक व्रण. मोठ्या आतड्यात उजवीकडे व्रण, मग निरोगी पट्टा, मग पुन्हा व्रण, गुदाशय स्वच्छ. लहान आतड्याच्या टोकाला लांबीच्या दिशेनं जाणारे खोल व्रण आणि मधे फुगलेला पृष्ठभाग, नदीपात्रातल्या गोट्यांसारखा. क्षयाचे व्रण बहुधा आडवे, आतड्याला वेढा घालणारे असतात आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप सताड उघडी पडलेली दिसते. तसं इथे नव्हतं. तुकड्यांत छोटे, सुटे ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींचे पुंजके, मिळाले. क्षयात ते बहुधा मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मधे कुजलेले असतात. क्षयाचे जंतू शोधणारी जीनएक्स्पर्ट चाचणी नकारात्मक आणि नंतर जंतू वाढवून पाहण्याची कल्चर चाचणीही. आतड्याच्या तुकड्यात जीनएक्स्पर्ट बऱ्याचदा चुकतो, त्यामुळे त्या एकट्या नकाराला मी फार वजन दिलं नाही. एमआर एन्टेरोग्राफीत, म्हणजे आतड्याच्या एमआरआयमध्ये, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा सुमारे 18 सेंटिमीटरचा पट्टा सुजलेला, वर आणखी एक छोटा पट्टा; कुठेही अडथळा नाही, कुजलेल्या गाठी नाहीत, पोटात पाणी नाही.

सगळं एकत्र ठेवलं. शिवाय सहा महिने नियमित घेतलेली क्षयाची औषधं, आणि त्यानंतरही उघडे व्रण. हा क्रोन्स होता. मुलांसाठीच्या पीसीडीएआय मापनात 65 गुण. 40 च्या पुढे आजार तीव्र धरतात.

वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "हे नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. आमच्यात कुणाला नाही. बाहेरचं खाऊन झालं का?" मी म्हणाले, "दादा, तुमच्या कुठल्या चुकीमुळे झालेलं नाही. काही प्रमाणात जन्मतः शरीरात असलेली प्रवृत्ती, आतड्यातल्या जिवाणूंशी बिघडलेला व्यवहार आणि आजूबाजूची परिस्थिती, या सगळ्यांतून रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही." नावाचंही सांगितलं: 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन छापलं, त्यांत क्रोन यांचं नाव वर्णानुक्रमानं पहिलं होतं, ते आजाराला चिकटलं. "म्हणजे जुना आहे," ते म्हणाले. एवढ्यानंही त्यांना थोडा धीर आला असावा. मग आईनं विचारलं, "कायमचा बरा होईल?" मी सांगितलं की मुळापासून जाईल असं औषध आज नाही. पण तो शांत ठेवता येतो, वर्षानुवर्षं, आणि शांत असला की हा मुलगा वाढेल, शिकेल, त्याचा संसार होईल.

आठ आठवडे

मोठ्या माणसाला अशा वेळी स्टेरॉईड देतात. मुलांमध्ये ते टाळायचं, कारण स्टेरॉईड वाढ आणखी दाबतं, हाडं ठिसूळ करतं आणि व्रण नीट भरत नाहीत. त्याच्या जागी जे करतात ते ऐकून पालक हमखास माझ्याकडे अविश्वासानं पाहतात: सहा ते आठ आठवडे सगळं जेवण बंद आणि फक्त संपूर्ण पोषण देणारं तयार दूध. भात नाही, भाकरी नाही, फळाची फोडही नाही. पाणी चालतं. मुलांच्या क्रोन्समध्ये दहापैकी सात-आठ मुलं यानं शांत होतात, जवळजवळ स्टेरॉईडइतकीच, आणि आतड्याचे व्रण भरण्यात तर हे सरस ठरतं.

आजी खास बोलणं करायला गावाहून आली. "आधीच काडी झालीय पोराची, त्यात उपाशी ठेवायचं?" आजींना मी पेल्यानं हिशेब करून दाखवला. दिवसाला दोन लिटर, आठ पेले, जवळपास 2000 कॅलरी. तो तेव्हा जेमतेम याच्या निम्मं खात होता. हा उपास नव्हता. हे त्याचं आजवरचं सगळ्यात भरलेलं ताट होतं, फक्त ते पेल्यात होतं.

सुरुवात रुग्णालयात ठेवून केली. इतक्या खंगलेल्या मुलाला एकदम पूर्ण मात्रा दिली तर रक्तातलं फॉस्फरस कोसळू शकतं, त्यामुळे चार दिवसांत हळूहळू वाढवत नेलं आणि रोज रक्त तपासलं. लोह शिरेतून दिलं. सूज असताना तोंडावाटे दिलेलं लोह आतडं आत घेत नाही. त्यातही फॉस्फरस खाली ओढणारं लोहाचं एक इंजेक्शन बाजूला ठेवून आयर्न सुक्रोज निवडलं. ड जीवनसत्त्व 11 होतं, तेही भरून काढायला घेतलं.

याच आठवड्यांत आणखी एक काम उरकलं. त्याला कांजिण्या झाल्या नव्हत्या आणि लसही नव्हती. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की जिवंत लस देता येत नाही. दुधाचे आठ आठवडे ही मोकळी खिडकी होती: पहिल्या आठवड्यात एक डोस, चार आठवड्यांनी दुसरा. स्टेरॉईड सुरू केलं असतं तर ही खिडकी मिळाली नसती.

घरी गेल्यावर खरी परीक्षा. पैशाचं ओझं मोठं होतं. डब्यांचा महिन्याचा खर्च घरच्या किराण्यापेक्षा जास्त होता आणि वडिलांनी टेम्पोच्या रात्रीच्या फेऱ्या वाढवल्या. पाचव्या आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. सोलापूरकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि जेवणाच्या दिवशी पुरणाचा वास गल्लीभर असतो. आईचा फोन आला, रडवेला: "एक घास दिला तर चालेल का?" मी नाही म्हणाले. थोडंसं खाल्लं की या उपचाराची ताकद उतरते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्या संध्याकाळी आजीनं चांदीच्या वाटीत त्याचं दूध ओतून देवीपुढे पुरणपोळीच्या शेजारी नैवेद्याला ठेवलं आणि मग तीच वाटी नातवाच्या हातात दिली. नंतरच्या तपासणीला हे मला आजीनंच सांगितलं. तेव्हापासून कुठल्याही कुटुंबाला हा उपचार सांगताना मी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला पहिल्या बैठकीला बोलावून घेते.

आठव्या आठवड्यात वजन 29.2 किलो. सीआरपी 5. अल्ब्युमिन 3.7. हिमोग्लोबिन 11.2. कॅल्प्रोटेक्टिन 1450 वरून 380. रात्रीचं उठणं तिसऱ्या आठवड्यातच थांबलं होतं.

मग जेवण हळूहळू परत आणलं, दोन-तीन आठवड्यांत. मऊ भात, उकडलेला बटाटा, अंडं, केळं, साध्या रश्श्यातली कोंबडी, नंतर भाकरी. दुधाचे दोन-तीन पेले चालू ठेवले. बंदी फार थोड्या गोष्टींवर घातली: पाकिटातले चिप्स, फरसाण, क्रीमची बिस्किटं, बाटलीतली रंगीत पेयं. आणि एक बंदी औषधाची: दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल घ्यायचं; आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. या दोन गोळ्या आजार चाळवू शकतात.

शनिवारचं इंजेक्शन

दूध आग विझवतं, पण निखारे राहतात. आजार शांत ठेवायला औषध हवंच. नेहमीचा विचार अ‍ॅझाथायोप्रिनचा, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्याआधी एनयूडीटी15 या जनुकाची चाचणी केली. 2014 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी या जनुकातला एक बदल आणि या औषधानं पांढऱ्या पेशी कोसळणं यांचा संबंध दाखवला. आशियाई लोकांत तो बदल बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडेही. या मुलाच्या दोन प्रतींपैकी एकीत तो होता. कमी मात्रेत देता आलं असतं. पण मुलगा आहे, पुढे जैविक औषधाची, म्हणजे टीएनएफसारखा सुजेचा पदार्थ अडवणाऱ्या इंजेक्शनची, जोड द्यावी लागण्याची शक्यता आहे, आणि या जोडीत तरुण मुलांमध्ये अत्यंत दुर्मीळ पण जीवघेणा लिम्फोमा हा कर्करोग नोंदला गेलेला आहे. म्हणून मेथोट्रेक्सेट निवडलं: आठवड्यातून एकदा, त्वचेखाली 15 मिलिग्रॅम, जोडीला फॉलिक ॲसिड.

'आठवड्यातून एकदा' हे शब्द मी कागदावर लाल पेनानं लिहिले आणि आईकडून तीनदा म्हणवून घेतले. हेच औषध चुकून रोज दिलं गेलं तर मूल दगावू शकतं. शनिवार ठरला; रविवारी मळमळलं तरी शाळा बुडत नाही. महिन्याला रक्त आणि यकृताची तपासणी गावाजवळच्या लॅबमध्ये, रिपोर्ट फोनवर.

सहा महिने तो बरा होता. भूक चांगली, पोट दुखत नव्हतं, आई खूश, शाळा सुरू. फेब्रुवारीत मी उंची मोजली: 135.2. सहा महिन्यांत 1.2 सेंटिमीटर. कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा 610.

इथे मला माझ्या निर्णयाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. वाढ इतकी खुंटलेल्या आणि आजार इतका पसरलेल्या मुलात टीएनएफविरोधी औषध लवकर, अगदी सुरुवातीलाही, द्यावं, अशा शिफारशी आहेत. मला त्या माहीत होत्या. नुकतेच संपलेले क्षयाचे उपचार आणि घरचा खर्च या दोन गोष्टींमुळे मी थांबले. आज पुन्हा तोच मुलगा आला तर मी इतकं थांबणार नाही. वयात येण्याआधीचे सहा महिने उंचीच्या हिशेबात फार महाग असतात. तक्रार नाही म्हणजे आजार शांत आहे, असं मुलानं किंवा आईनं म्हटलं तर समजू शकतं. डॉक्टरनं तसं समजणं बरोबर नाही.

छातीचा एक्स-रे आणि इग्रा, म्हणजे क्षयाच्या संसर्गाची रक्तचाचणी, पुन्हा केले, दोन्ही ठीक. आधीची क्षयाची औषधं इथे कामी आली असं मी कुटुंबाला सांगितलं आणि ते खरंही आहे; शरीरात लपलेला क्षय असलाच तर त्याचा बंदोबस्त बराचसा झाला होता. तरी आपल्या देशात नव्यानं संसर्ग होऊ शकतो, म्हणून ताप, खोकला किंवा वजन घटणं यांपैकी काहीही झालं तर लगेच फोन करायचा, असं ठरलं. ॲडालिमुमॅब हे टीएनएफविरोधी इंजेक्शन सुरू केलं: 80 मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी 40, मग दर दोन आठवड्यांनी 20. मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत चालू ठेवलं, कारण मुलांमध्ये ॲडालिमुमॅबला त्याची जोड दिल्यानं औषध निकामी होण्याचं प्रमाण घटतं. या औषधाची जगातली पहिली समरूप आवृत्ती 2014 च्या डिसेंबरात झायडस कॅडिलानं भारतातच बाजारात आणली. तशा आवृत्त्या नसत्या तर टेम्पोचालकाच्या मुलाला हे औषध कागदावर लिहून देण्यात काही अर्थ नव्हता. तरीही खर्च जड होता. समाजसेवा अधीक्षकांच्या मदतीनं धर्मादाय ट्रस्टांकडे अर्ज करत वर्षाची सोय लागली.

इंजेक्शन थंड राहिलं पाहिजे आणि गोठताही कामा नये. पुण्याहून गावापर्यंतच्या प्रवासात बर्फाच्या पेटीत ते थेट बर्फाला टेकू नये म्हणून आईनं जुन्या रजईच्या कापडाची पिशवी शिवली. गावातला वीजपुरवठा भरवशाचा नाही, म्हणून औषध तालुक्याच्या ठिकाणी औषधविक्रेत्याच्या फ्रिजमध्ये राहू लागलं. तिसऱ्या महिन्यापासून मुलगा स्वतःच मांडीत टोचून घेऊ लागला.

शाळा

हे मी आधीच विचारायला हवं होतं. विचारलं तेव्हा वर्ष होत आलं होतं. तो शाळेत पाणी पीत नव्हता आणि डबा खात नव्हता. कारण स्वच्छतागृहाला कुलूप असायचं, किल्ली शिपायाकडे, आणि तासाला हात वर करून वारंवार परवानगी मागितली की वर्ग हसायचा. कवायतीत उंचीप्रमाणे रांग लागायची आणि त्यात तो सहावीच्या मुलांच्याही पुढे उभा राहायचा. त्यानं कवायतीच्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहायला सुरुवात केली होती आणि आम्ही ती दांडी आजाराच्या खात्यात मांडत होतो.

मुख्याध्यापकांना पत्र दिलं. आजाराचं नाव लिहावं की नाही हे मुलाला विचारलं. तो नको म्हणाला, मी लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की या विद्यार्थ्याला न विचारता वर्गाबाहेर जाण्याची मुभा हवी आणि स्वच्छतागृहाची किल्ली त्याच्याजवळ असावी. त्यांनी किल्ली दिली. दहावीच्या परीक्षेसाठी असंच पत्र शाळेमार्फत आधीच पाठवून ठेवलं आहे. आमच्या समुपदेशकांशी तो चार वेळा बोलला. काय बोलला ते मी विचारलेलं नाही.

आज

ॲडालिमुमॅबचं एक वर्ष पूर्ण झालं तेव्हा उंची 142.5 झाली, म्हणजे वर्षात सव्वासात सेंटिमीटर. वयात येण्याच्या खुणा सहाव्या महिन्यात दिसू लागल्या होत्या. दुर्बिणीनं पुन्हा पाहिलं: मोठं आतडं स्वच्छ, लहान आतड्याच्या टोकाला जुन्या व्रणांचे वण आणि दोनच बारीक फोड. कॅल्प्रोटेक्टिन 90. गुदद्वाराजवळचे कोंब आहेत तसेच आहेत, त्रास नाही. त्यांना कापायला जायचं नाही, जखम भरत नाही.

गेल्या दिवाळीनंतर ते आले. वजन 41 किलो, म्हणून इंजेक्शनची मात्रा 20 वरून 40 झाली. उंची 149. तक्त्यावरचा ठिपका खालच्या रेघेकडे पुन्हा चढतो आहे. वडिलांच्या उंचीला तो पोचेल असं मी कुणाला सांगितलेलं नाही. हाडांचं वय दर वर्षी पाहतो आहोत. अजून वाव आहे.

मी लिहीत होते तेव्हा आई त्याच्या पायाशी वाकून पँटची कड बोटांनी चाचपत होती. जूनमध्ये नवी शिवली, तीन बोटं दुमड ठेवली होती, म्हणाली. गणपतीत सोडली. आता घोट्याच्या वर गेलीय, आणि सोडायला आत काही उरलं नाही.